घर सोडलं, डिपॉझिट अडकलं: मालकाच्या यादीतलं नक्की काय काय देणं लागतो आपण?

सामसूम

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते. साडेचार वर्षं एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहिलो, मी, नवरा आणि मुलगी. भाडं एकदाही चुकवलं नाही, नोटीस कराराप्रमाणे दिली, जाताना दोन दिवस कंबर मोडेपर्यंत घासपूस केली, किल्ल्या हातात दिल्या. मालकांनी घरभर एक फेरी मारली आणि "छान ठेवलंत हो घर" असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले. त्यानंतर महिनाभर फोन केला की "बघतो, करतो". आणि काल, म्हणजे घर सोडल्यापासून ४१व्या दिवशी, व्हॉट्सॲपवर मेसेज. पूर्ण घराचा रंग, हॉलच्या लाकडी फ्लोअरचं सँडिंग आणि पॉलिश, डीप क्लीनिंग, शेगडीची काच, मुख्य दाराचं लॉक बदलणे (म्हणे तीनपैकी एक किल्ली परत दिली नाही) आणि शेवटी 'ॲडमिन चार्जेस', हे काय असतं देव जाणे. सगळे आकडे गोल गोल, कुठे बिल नाही पावती नाही. सगळं कापून डिपॉझिटचा जेमतेम एक तृतीयांश हातात येतोय.

शेगडीची काच माझ्याच हातून तडकली, जड पातेलं आपटलं, ते मी जातानाच सांगितलं होतं, ते पैसे देणार. पण किल्ल्या आम्हाला दोनच मिळाल्या होत्या हे मी छातीठोकपणे सांगू शकते. बाकीचं काय करू? नवरा म्हणतो सोडून दे, मनस्ताप नको. मला सोडवत नाहीये.

शहर आणि देश मुद्दाम लिहीत नाही, वाद चालू आहे आणि मालकांच्या घरातही मराठी वाचता येतं.

निर्मोही

सोडून द्या. मी दोनदा सोडून दिलंय, झोप छान लागते.

कंदील

निर्मोही, तुमच्यासारख्यांमुळेच मालकांना सवय लागते हो 😀

सामसूम, पहिली गोष्ट, फोन बंद. यापुढे जे काय ते लेखी, ईमेलवर. त्यांचा फोन आलाच तर बोला पण ठेवल्या ठेवल्या मेल टाका की आज फोनवर तुम्ही असं असं म्हणालात. दुसरी गोष्ट, 'मी काय काय देणार नाही' याची यादी घेऊन भांडायला जाऊ नका. उलट त्यांनाच हिशोब मागा. प्रत्येक ओळीपुढे कोणतं काम, कुठल्या खोलीत, कोणी केलं, बिल कुठाय, आणि ती वस्तू किती जुनी होती. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

सामसूम

किती जुनी याचा काय संबंध? खराब झालं तर झालं ना?

कंदील

तिथेच तर सगळी मेख आहे. झीज वेगळी आणि मोडतोड वेगळी. तुम्ही माणसासारखं राहिलात तरी जे होणारच ते झीज. रंग फिका पडणं, फोटो फ्रेमच्या मागे भिंत गडद राहणं, दाराच्या हँडलचा मुलामा जाणं, ये-जा असते तिथे कार्पेट दबणं. त्याचे पैसे मालकाने भाड्यातून घेतलेले असतात. मोडतोड म्हणजे दाराला भोक, तडकलेलं बेसिन, भिंतीवर स्केचपेनने काढलेला हत्ती. ते तुमच्या खिशातून, पण त्यातही नव्याचे पूर्ण पैसे नाहीत. कॅलिफोर्नियाच्या भाडेकरूंसाठी जी सरकारी मार्गदर्शिका होती त्यात याचं फार सोपं उदाहरण आहे, कार्पेटचं आयुष्य १० वर्षं धरलं, ८ वर्षं झालेली होती आणि भाडेकरूने ते पार कामातून घालवलं, तर मालकाला उरलेल्या २ वर्षांचेच पैसे मागता येतात म्हणजे नव्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा. का, तर जुनं कार्पेट गेलं आणि नवं कोरं मिळालं, तर मधला फरक तुम्ही का भरायचा?

आता तुमचा रंग बघा. साडेचार वर्षांत घरात कोणी राहिलं नसतं तरी तो रंग मळला असता. मुलीने भिंती रंगवल्या होत्या का? खरं सांगा.

सामसूम

एक भिंत. तिच्या खोलीतली, कमरेच्या उंचीपर्यंत. क्रेयॉन. पुसलं पण डाग दिसतात 🙈

कंदील

मग ती एक भिंत मान्य करा, तीही वय वजा करून. पूर्ण घर नाही.

घरमालक_एक

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, त्यामुळे थोडं कडू लिहितो. सगळे मालक लुटारू नसतात. माझ्या शेवटच्या भाडेकरूंनी मांजर पाळलं होतं, करारात नाही म्हटलं होतं तरी. घर बघताना खिडक्या उघड्या, सुगंधी मेणबत्त्या, काही कळलं नाही. आठवड्याने घर बंद राहिल्यावर जो वास आला! फ्लोअर उचलला तर खालचा फोम भिजून काळा. आणि त्या गृहस्थांनी शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं न देता "डिपॉझिटमधून कापून घ्या" सांगितलं होतं, म्हणजे माझ्या हातात शून्य. "छान ठेवलंत घर" हे पंधरा मिनिटांच्या फेरीत कोणीही म्हणतं हो, त्याला पावती समजू नका.

टिकली

शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला सांगणं हे मी पण केलंय 😐 चूक आहे का?

घरमालक_एक

मालक लेखी हो म्हणाला असेल तर काही चूक नाही. न विचारता केलंत तर तुम्ही थकबाकीदार ठरता आणि मग बाकीच्या वादात तुमची बाजू आपोआप पडते. सामसूमबाईंनी भाडं चुकवलेलं नाही, त्यामुळे त्यांची बाजू भक्कम आहे, हे मी मालक असूनही म्हणतो. आणि ॲडमिन चार्जेस हा निव्वळ आगाऊपणा आहे. करारात शब्द नसेल तर तो शून्य समजा.

लाकूडतोड्या

फ्लोअरिंगचं काम करतो म्हणून विचारतो. हॉलमध्ये नक्की काय झालंय आणि फ्लोअर कसला आहे?

सामसूम

नवरा घरून काम करायचा, त्याच्या खुर्चीच्या चाकांनी खिडकीजवळ एक गोल तयार झालाय, चमक गेलेला. खोल चरे नाहीत. फ्लोअर लाकडी आहे.

लाकूडतोड्या

लाकडी म्हणजे कुठलं? लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना लाकडी म्हणतात. एक अख्खं लाकूड, ते अनेकदा घासता येतं. दुसरं इंजिनिअर्ड, म्हणजे खाली प्लायसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, तो जाड असेल तर एकदोनदा घासता येतो, पातळ असेल तर नाही. तिसरं लॅमिनेट, ते म्हणजे दाबलेल्या लाकडाच्या भुशाच्या फळीवर लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर प्लास्टिकसारखा कडक पारदर्शक थर. लॅमिनेटला सँडिंग होतच नाही. मशीन फिरवलं तर फोटोच उडेल, खालची तपकिरी फळी दिसेल.

ओळखायचं असं. तुमच्याकडे हॉलचे जुने फोटो असतील ना, मोठे करून बघा. लाकडातली एखादी गाठ धरा, डोळ्यासारखी दिसते ती. दोन-चार फळ्या सोडून अगदी तीच गाठ तशीच परत दिसली तर ते छापील आहे. झाड एकच गाठ दोनदा काढत नाही.

वांझोटा_आशावाद

"झाड एकच गाठ दोनदा काढत नाही" हे मी भिंतीवर लावतोय (भाड्याच्या, खिळा न ठोकता).

सामसूम

लाकूडतोड्या!!!! मुलीच्या वाढदिवसाचे फोटो काढून बसले. ती जमिनीवर बसलीये आणि तिच्या उजव्या गुडघ्यापाशी एक गाठ आहे, दोन शेजारी शेजारी रेघा आणि मध्ये टिकलीएवढा ठिपका. तशीच्या तशी तिच्या पाठीमागे. आणि तिसरी सोफ्याखाली अर्धी. नवऱ्याला दाखवलं तर तो पाच मिनिटं नुसता हसत होता. म्हणजे ज्या कामाचे पैसे मागितलेत ते काम होऊच शकत नाही??

लाकूडतोड्या

होऊच शकत नाही. पण लगेच खोटारडे म्हणून तुटून पडू नका. बऱ्याचदा मालकालाही माहीत नसतं, कोणा ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला फोनवर विचारून आकडा टाकलेला असतो. सरळ विचारा की फ्लोअर लॅमिनेट आहे, सँडिंग कोणी केलं त्याचं बिल द्या. लॅमिनेटच्या दोन-चार फळ्या बदलता येतात, तेवढं ते मागू शकतात, त्यातही चाकाने चमक जाणं ही माझ्या मते झीजच. पुढच्या घरी खुर्चीखाली चटई घाला, ती आधीच घातली असती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता मला.

पानवेल

मी इंग्लंडात आहे, इकडे डिपॉझिट मालकाच्या खिशात राहतच नाही. २००७ च्या एप्रिलपासून नेहमीच्या भाडेकरारांमध्ये ते मान्यताप्राप्त स्कीममध्ये सुरक्षित ठेवावं लागतं, आता ३० दिवसांच्या आत, नाही ठेवलं तर कोर्ट मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड लावू शकतं. वाद झाला तर स्कीमचा पंच फुकटात निवाडा देतो, दोघांनी तयारी दाखवली तर. आणि गंमत म्हणजे तिथे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते कारण पैसे मुळात तुमचे. आत जातानाची स्थिती आणि बाहेर पडतानाची स्थिती, दोन्हीचे कागद नसतील तर त्याचा दावा लटपटतो. २०१९ च्या टेनंट फीज ॲक्टनंतर चेकआउट फी, ॲडमिन फी असलं काही लावताच येत नाही, आणि प्रोफेशनल क्लीनिंगच करून घ्या अशी सक्ती पण नाही. घेतलं तेव्हा जितकं स्वच्छ होतं तितकं परत द्या, एवढंच.

तुम्ही कुठे आहात माहीत नाही, पण तुमच्याकडे अशी काही व्यवस्था आहे का ते आधी बघा. लोक कोर्टाच्या गोष्टी करतात आणि फुकटचा पंच विसरतात.

आजोबा_ऑनलाइन

मुलगा कॅलिफोर्नियात असतो, त्याच्यामुळे माहीत झालं. तिकडे घर सोडल्यापासून २१ दिवसांत मालकाने कापाकापीचा तपशील आणि उरलेले पैसे द्यायचे असतात. टेक्सासमध्ये ३० दिवस, पण तिथे भाडेकरूने आपला नवा पत्ता लेखी द्यावा लागतो, नाही दिला तर तोपर्यंत मालकावर पैसे पाठवायचं बंधन नाही. मुलाच्या मित्राचे पैसे त्या एका पत्त्यावाचून रखडले होते. सौ. सामसूम, आपण नवा पत्ता आणि बँकेचा तपशील लेखी दिला आहे ना?

सामसूम

आजोबा, व्हॉट्सॲपवर दिलाय. आज मेलवर पण टाकते.

बुरूज

जर्मनीत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं, व्याजावर ठेवावं लागतं. रंगावरून इकडे पिढ्यान् पिढ्या भांडणं चालली आहेत. २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर देतानाच नवा रंग न लावता दिलं असेल आणि त्याबद्दल काही सवलत दिली नसेल तर जाताना रंगाचा खर्च भाडेकरूवर टाकणारी अट चालणार नाही. म्हणून सामसूम, तुम्ही राहायला गेलात तेव्हा ताजा रंग होता का हे बघा.

कंदील

महाराष्ट्रात असाल तर एक मुद्दा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवलाच नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'नोटरी केलंय ना मग झालं' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

सामसूम

सगळ्यांचे आभार. राहायला गेलो तेव्हाचा कागद शोधते आहे, एक हँडओव्हर शीट होती, एजंटने दारातच सही घेतली होती, बॉक्स आत येत होते त्या गोंधळात.

टिकली

फोटोंबद्दल एक. मी सगळे फोटो व्हॉट्सॲपवरून मालकाला पाठवले आणि फोनमधले डिलीट केले जागा नाही म्हणून. नंतर कळलं व्हॉट्सॲपने पाठवलेल्या फोटोतून तारीख वेळ वगैरे आतली माहिती पुसली जाते, समोरचा म्हणाला हे कधीचे कशावरून. त्यामुळे मूळ फाईल ठेवा. आणि मीटरचा फोटो काढताना आकडा आणि मीटर नंबर दोन्ही एकाच फोटोत येऊ द्या, माझ्या फोटोत आकडा दिसतोय पण मीटर शेजाऱ्यांचा पण असू शकतो 🤦‍♀️ पुढच्या भाडेकरूचं वीजबिल अर्धा महिना मी भरलंय.

घरमालक_एक

यात भर. रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढताना लांबून गरागरा फिरवू नका, त्यात काही दिसत नाही. सिंकखालचं कपाट उघडा, नळ सोडून पाणी जातंय ते दाखवा, ओव्हनच्या आत, फ्रीजच्या रबराच्या घडीत, बाथरूमच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर थांबा. मालकाचं डीप क्लीनिंगचं बिल याच जागांवरून निघतं. मी पण तिथेच बघतो.

सामसूम

अपडेट. हँडओव्हर शीट सापडली. चांगली बातमी, त्यावर एजंटच्या अक्षरात 'भिंती: वापरलेल्या, किरकोळ डाग' असं लिहिलंय. म्हणजे ताजा रंग नव्हताच.

वाईट बातमी. 'किल्ल्या: ३'. खाली नवऱ्याची सही. त्याला विचारलं तर म्हणे "असेल". असेल!! मी इथे छातीठोकपणे वगैरे लिहून बसले होते.

निर्मोही

म्हणून म्हणतो सोडून द्या 😌

वांझोटा_आशावाद

छाती ठोकण्याआधी कागद ठोकावा.

कंदील

काही बिघडलं नाही, उलट फायदा करून घ्या. मेलमध्ये पहिल्या ओळीत किल्लीचं कबूल करा. "शीट तपासली, तीन किल्ल्या होत्या, आमच्याकडून दोन परत आल्या, लॉकचा प्रत्यक्ष खर्च मान्य." शेगडीची काच पण मान्य. त्यानंतर बाकीचं मागा. आपली चूक आधी सांगणाऱ्या माणसाचं पुढचं बोलणं समोरच्याला खोटं म्हणता येत नाही. आणि याच मेलमध्ये लिहा की ज्या रकमेबद्दल वाद नाही ती आधी परत करा, उरलेल्यावर बोलू. फक्त 'फुल अँड फायनल' असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका, पैसे घेतानासुद्धा.

मसुदा देतो, भाषा बदलून घ्या:

"आपल्या यादीतील शेगडीची काच, लॉक आणि लहान खोलीतील एका भिंतीचा रंग आम्हाला तत्त्वतः मान्य आहे. कृपया त्यांची बिले आणि त्या वस्तू किती जुन्या होत्या ते कळवावे. उर्वरित रंगाबाबत सोबत हँडओव्हर शीट जोडली आहे. हॉलमधील फ्लोअर लॅमिनेट असल्याचे फोटोंवरून दिसते, तरी सँडिंग करणाऱ्याचे नाव व बिल द्यावे. ॲडमिन चार्जेस करारातील कोणत्या कलमानुसार आहेत ते कळवावे. १४ दिवसांत उत्तर न आल्यास आम्ही उपलब्ध मार्गाने दाद मागू."

उपलब्ध मार्ग कुठला ते तुमच्या गावावर अवलंबून, पण तो खरंच शोधून ठेवा. पोकळ धमकी वास मारते.

आजोबा_ऑनलाइन

मसुदा उत्तम. एक सुचवू का, सुरुवातीला 'साडेचार वर्षे आपल्या घरात सुखाने राहिलो' एवढे एक वाक्य घालावे. खरे आहे म्हणून.

सामसूम

घातलं आजोबा. गेला मेल. हात थरथरत होते सेंड दाबताना, कशाला ते कळत नाही, आपलेच पैसे मागतोय.

सामसूम

आठ दिवसांनी उत्तर आलं! मालकांचं नाही, त्यांच्या मुलीचं. म्हणाली बाबांनी ओळखीच्या माणसाला फोनवरून अंदाज विचारला होता, फ्लोअरचं काम काहीच झालेलं नाही, नवीन भाडेकरू त्याच फ्लोअरवर राहायला पण आले. (म्हणजे माझ्याकडून न झालेल्या पॉलिशचे पैसे!) फ्लोअर, ॲडमिन, डीप क्लीनिंग तिन्ही काढलं. रंगावर मात्र ती अडून होती, दोन खोल्या म्हणत होती, मी शीटचा फोटो परत पाठवला, शेवटी एक भिंत आणि दाराची चौकट यावर तुटलं. चौकटीवर मुलीची उंची पेन्सिलने लिहिलेली होती दर वाढदिवसाला, पाच रेघा, पेन्सिल लाकडात रुतलेली. त्याचं मी काही भांडले नाही.

काच आणि लॉक धरून डिपॉझिटचे साधारण चार पंचमांश परत आले आज. नवरा म्हणतो मी म्हणालोच होतो विचारून बघ म्हणून. हाच तो, सोडून दे म्हणणारा.

घरमालक_एक

अभिनंदन. मुलीशी व्यवहार झाला हे तुमचं नशीब, बाबा असते तर अजून दोन महिने.

लाकूडतोड्या

चटई घेतली का?

सामसूम

घेतली हो 😀

सामसूम

हा धागा परत वर आणतेय, माफ करा. आज शेवटचा बॉक्स उघडला, मुलीच्या जुन्या पावसाळी बुटांचा. डाव्या बुटात तिसरी किल्ली. मुलगी म्हणते "ती माझी होती, तूच दिली होतीस खेळायला." आणि आता ती कुठल्याच दाराला लागत नाही, कुलूप माझ्याच पैशांनी बदललंय.

टिकली

फोटो काढून ठेवा. मूळ फाईल!